दोन तंबोरे, दोन टेपरेकॉर्डर

आम्हा दोघी बहिणींकडे मिळून दोन तंबोरे आहेत. दोन्ही मिरजेचे, दोन्ही काळी एकच्या सुरासाठी बांधलेले. एक माझ्याकडे, गंगापूर रोडवरच्या सदनिकेत पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा असतो. दुसरा ताईकडे, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात. खरे तर ते आमचे नव्हेतच. ते आमच्या बुवांचे. २००३ मध्ये बुवा गेले, तेव्हा 'तुम्हीच इतकी वर्षे छेडलेत' असे म्हणून त्यांच्या मुलाने आम्हाला एकेक दिला. त्यात जोडी फुटली हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. माझे लग्न झाले होते, ताईने केले नव्हते. दोन घरे होती, म्हणून दोन घरांत दोन तंबोरे गेले, इतकेच. असो.

२०२३ च्या दिवाळीत माझा मुलगा लीड्सहून आला होता. ताई दिवाळीला माझ्याकडे असते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने त्याचा छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आई, हे ऐक. तुमच्या तंबोऱ्यासारखं काहीतरी आहे." मला अशा वाक्यांची धास्ती वाटते. पाश्चात्त्यांचे काहीही लांबलचक आणि संथ ऐकले की आपल्याला त्यात आपले काहीतरी दिसू लागते, आणि मग आपण खूश होतो. पण मुलगा चार वर्षांनी आला होता. मी ऐकत बसले.

एक सूर लागला. गिटारचा असावा, पण गिटारसारखा नव्हता. तो लांबत गेला, काही सेकंदांनी तोच पुन्हा आला, त्यावर दुसरा चढला, पहिला विरत विरत खाली बसला. कुठे ताल नाही, कुठे चाल नाही. ताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. पाच-सात मिनिटांनी ती हातात जुडी तशीच धरून दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ ऐकले आणि विचारले, "गाणारा कधी सुरू करणार?"

मुलगा हसला. म्हणाला, "मावशी, गाणारा नाहीये. एवढंच आहे. एकवीस मिनिटं."

"मग हे दोघं बसलेत कुणाच्या मागे?" ताई म्हणाली, आणि पुन्हा मेथीकडे गेली.

दोघे आहेत हे तिला कुणीच सांगितले नव्हते.

*

ते दोघे म्हणजे रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो. दोघेही इंग्रज. फ्रिप हा 'किंग क्रिम्झन' या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक, हाताने अत्यंत तयार. ईनो हा 'रॉक्सी म्युझिक'मध्ये सिंथेसायझर आणि टेपयंत्रे हाताळणारा, आणि आपण वादक नव्हेच असे स्वतःच जाहीरपणे सांगणारा. सप्टेंबर १९७२ मध्ये ईनोने फ्रिपला लंडनमधल्या आपल्या घरी बोलावले. तिथे त्याने दोन रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. एकाच फितीचे रीळ पहिल्या यंत्रावर, आणि तीच फीत पुढे ओढून दुसऱ्या यंत्रावर गुंडाळलेली. पहिले यंत्र ध्वनी मुद्रित करी. फीत दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागत. दुसरे यंत्र तो ध्वनी ऐकवी आणि तोच पुन्हा पहिल्याकडे पाठवी. म्हणजे फ्रिपने छेडलेला सूर थोड्या वेळाने परत येई, त्यावर तो नवा सूर ठेवी, मग ते दोन्ही मिळून परत येत, प्रत्येक फेरीत जुने थोडे फिके होत. त्या दिवशी जे मुद्रित झाले ते मुलाने मला ऐकवले. नाव 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन'. त्याला दुसरी बाजू १९७३ मध्ये जोडली गेली आणि त्याच वर्षी '(नो पुसीफुटिंग)' या नावाने तबकडी निघाली, हे नाव कंसासकट.

तिच्याविषयीची एक हकिकत मला फार आवडते. बीबीसीवर जॉन पील नावाचा निवेदक नवे संगीत लावीत असे. डिसेंबर १९७३ मध्ये त्याने ही तबकडी लावली, पण फीत उलटी गुंडाळलेली होती आणि ती उलटीच वाजली. स्टुडिओत कुणाच्या लक्षात आले नाही. ईनोने घरी रेडिओवर ऐकले आणि बीबीसीला दूरध्वनी केला. पुढे २००८ मध्ये ही तबकडी नव्याने निघाली तेव्हा त्यांनी हौसेने ती उलटी आवृत्तीही सोबत दिली. ही हकिकत सांगून हसणारे बहुधा 'बघा, उलटे-सुलटे काही कळत नाही असले संगीत' असे सुचवतात. मला ती ऐकताना आमच्या बुवांचे एक वाक्य आठवते. तंबोरा कुठून सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळले तर तंबोरा चुकला, असे ते म्हणत.

*

आमच्या शिकण्याविषयी थोडे सांगायला हवे. १९७७ मध्ये वडिलांनी आम्हाला बुवांकडे घातले. मी अकरा वर्षांची, ताई पंधरा. पंचवटीतले ते घर गोदेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर होते. नाशिकच्या त्या भागात संगीताला एक जुना आधार आहे. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेल्यावर पं. विष्णू दिगंबर पलुसकर इथेच येऊन राहिले. पंचवटीतल्या त्यांच्या रामनाम आधार आश्रमात शिष्य राहत, नामाची धून चाले. १९३१ मध्ये ते मिरजेत वारले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर यांचे बालपण याच गावात गेले. आमच्या लहानपणी यातले प्रत्यक्ष पाहिलेले कुणी उरले नव्हते, पण दुपारच्या वेळी कुठल्यातरी ओसरीवरून नामाची तीच ती ओळ तासन् तास कानी पडे, आणि ती केव्हा सुरू झाली, केव्हा संपली हे सांगता येत नसे.

बुवांनी पहिले वर्षभर आम्हाला गाऊ दिले नाही. फक्त तंबोरा. तो मांडीवर कसा घ्यायचा, भोपळा कुठे टेकवायचा, तर्जनी आणि मधले बोट. पंचमाची तार मधल्या बोटाने, मग जोडीच्या दोन तारा आणि खर्ज तर्जनीने. तारेला ओढायचे नाही, बोट नुसते तिच्यावरून सरकू द्यायचे. लावताना आधी खुंट्या, मग मणी, मग घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी. सूत केसभर पुढेमागे झाले तर तंबोरा एकतर भुंग्यासारखा गुणगुणतो, नाहीतर मुका होतो. ते नेमके ठिकाण बुवा डोळे मिटून शोधत आणि सापडले की काही न बोलता दुसरा तंबोरा पुढे ओढत.

त्यानंतर जोडी. बुवांचा नियम असा, की एकमेकींकडे बघायचे नाही आणि एकमेकींबरोबर वाजवायचे नाही. दोघींची तार एकाच क्षणी पडली तर मध्ये भोक पडते. प्रत्येकीने आपल्या गतीने जायचे, तबल्याची लय तर अंगाला लावूनच घ्यायची नाही. अशाने काय होते, की एकीचा खर्ज विरत असतो तेव्हा दुसरीची जोड उठत असते, आणि दोघींपैकी कुणीही न छेडलेला असा गांधार वर तरंगू लागतो. स्वयंभू गांधार म्हणतात तो. तो खर्जाच्या तारेच्या पोटातून येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, त्यात तंबोऱ्याच्या वक्र घोडीमुळे आणि त्या सुतामुळे तारेच्या स्वरातले जे अंश एरवी ऐकू यायला नकोत, तेही कसे ऐकू येतात याची चर्चा आहे. तो निबंध मी पुष्कळ पुढे वाचला. तेव्हा एवढेच माहीत होते, की गांधार ऐकू आला की बुवा मान हलवत आणि ऐकू आला नाही की मागे वळून बघत. पेंगलो तरी मागे बघत. आम्ही पुष्कळदा पेंगत असू.

१९८२ पासून आम्ही बुवांच्या मागे बैठकीला बसू लागलो. नाशिक, मालेगाव, जळगाव, धुळे, क्वचित पुणे. एसटीच्या शेवटच्या बाकावर दोन तंबोरे आडवे आणि त्यांना धरून आम्ही दोघी. एका वाहकाने तंबोऱ्यांची अर्धी तिकिटे काढा म्हणून हट्ट धरला होता. बुवांनी काढली आणि ती पुढे बरीच वर्षे भिंतीवरच्या तसबिरीत खोचून ठेवली. जाहिरातीत बुवांचे नाव असे, तबलजींचे असे, पेटीवाल्यांचे असे. आमचे नसे, आणि ते असावे असे आम्हालाही कधी वाटले नाही. शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्यांच्या वेष्टनांवर तंबोऱ्याला कोण बसले आहे हे क्वचितच छापलेले सापडते. छायाचित्रांत मात्र ते असतात, गाणाऱ्याच्या खांद्यामागे, किंचित अस्पष्ट.

*

मुलगा परत गेल्यावर मी या दोघांचे मिळेल ते ऐकू लागले. निवृत्तीनंतर वेळ होता. शिवाय ताईचा प्रश्न डोक्यात होता.

१९७५ हे वर्ष या जोडीच्या कारकिर्दीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 'ईव्हनिंग स्टार' ही दुसरी तबकडी निघाली. तिची एक संपूर्ण बाजू अठ्ठावीस मिनिटांहून मोठ्या एकाच रचनेने व्यापली आहे. ती हळूहळू इतकी काळवंडत जाते, की मला ती रात्री एकटीने ऐकवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात त्यांनी प्रयोग केला. अंधार, मागे पडद्यावर चित्रफीत, दोन माणसे आणि फीत. रॉक ऐकायला आलेल्या श्रोत्यांना ते रुचणे कठीणच होते. तो प्रयोग अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१४ उजाडले.

पण माझ्या दृष्टीने त्या वर्षातली खरी गोष्ट वेगळीच आहे. या प्रयोगांत फ्रिपला वाजवता यावे म्हणून ईनो मागे वाजत राहणारी एक फीत तयार करीत होता. दोन साध्या स्वरावली, वेगवेगळ्या लांबीच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या, त्याच टेपयंत्रांच्या जोडीतून फिरवलेल्या. म्हणजे शुद्ध साथ. फ्रिपच्या मागे बसण्यासाठी केलेला तंबोराच. ती फीत त्याने पुन्हा ऐकली आणि त्याला वाटले, की ही अशीच पुरेशी आहे. १९७५ च्या अखेरीस 'डिस्क्रीट म्युझिक' या नावाने ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, विमानतळांसाठीची त्याची प्रसिद्ध तबकडी आली आणि 'ॲम्बियंट' हा शब्द संगीतप्रकाराचे नाव म्हणून रूढ झाला. लक्ष द्यावे तर लक्ष देण्याजोगे, आणि न द्यावे तर खुशाल विसरता येण्याजोगे संगीत, अशी त्याची कल्पना होती.

'ॲम्बियंट'ला मराठीत शब्द शोधायला गेले तर 'वातावरण' हाच हाती येतो, आणि तिथे मी थोडी खजील होते. तीस वर्षे मी मुलांना कथा-कादंबरी शिकवली. कथानक, पात्रे, संवाद, आणि मग शेवटी 'वातावरणनिर्मिती'. उत्तरपत्रिकेत त्याला दोन गुण. जणू वातावरण हे कथानकासाठी आधी जाऊन सतरंजी अंथरून येणारे कुणी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथांशी गाठ पडली की हा हिशेब कोसळतो, कारण तिथे माणसाचे जे काही व्हायचे ते वातावरणाने आधीच ठरवलेले असते. वर्गात हे मी दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी प्रश्नपत्रिका मात्र तीच काढीत असे. मी स्वतः बारा वर्षे दुसऱ्याच्या गाण्याचे वातावरण होऊन बसले होते, हे तेव्हा मनात आले नाही.

*

आता तो मोह, ज्याची सुरुवातीलाच धास्ती वाटली होती. हे सगळे आपल्याकडूनच गेले आहे, असे म्हणण्याचा.

दोन यंत्रांमधून फीत फिरवण्याची युक्ती ईनोची नव्हे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने ती १९६३ मध्ये पॅरिसमध्ये, फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओतल्या एका तंत्रज्ञाच्या मदतीने वापरली. पॉलिन ऑलिव्हेरॉस या संगीतकर्तीनेही त्याच दशकात तिचे प्रयोग केले. आता हा टेरी रायली १९७० मध्ये पं. प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य. आणि किराण्याची दुसरी मोठी गादी अब्दुल करीम खाँची, म्हणजे थेट मिरज. धागा असा सुरेख जुळतो, की एखाद्याने लगेच व्याख्यान ठरवावे. पण तारखा नीट बघितल्या तर युक्ती आधीची आहे आणि गुरुभेट नंतरची. टेपयंत्र आपल्याकडून गेलेले नाही. एवढेच म्हणता येईल, की रायली आधीच जिथे जाऊन उभा होता तिथे त्याला तंबोरा भेटला, आणि त्याने त्याला ओळखले. मला हे अधिक मोलाचे वाटते. उधारीपेक्षा ओळख बरी.

रायलीच्याही आधी प्राणनाथांपर्यंत पोहोचले ते ला माँट यंग आणि मेरियन झझीला हे दांपत्य. वर्षानुवर्षे हे दोघे गुरूच्या मागे तंबोरे घेऊन बसत. प्राणनाथ १९९६ मध्ये वारले. १९९९ मध्ये या दोघांनी गुरुस्मरण म्हणून एक तबकडी प्रसिद्ध केली. ध्वनिमुद्रण १९८२ चे. तीवर तासाहून अधिक वेळ फक्त प्राणनाथांचे दोन तंबोरे आहेत, वाजवणारे हे दोघे. गाणे नाही. आणि वेष्टनावर त्यांची नावे आहेत. झझीला २०२४ मध्ये गेली. ती तबकडी मी मुलाकडून मागवून घेतली आणि पहिल्यांदा ऐकताना मला रडू आले, हे इथे कबूल करायला हरकत नसावी. इतक्या वर्षांत कुणी तरी ही नुसती बाजू ऐकली होती.

अब्दुल करीम खाँविषयी एक गोष्ट सर्वश्रुत आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात ते पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत प्रकृती बिघडली, मद्रासजवळच्या एका लहान स्थानकावर ते उतरले, फलाटावर अंथरूण घालायला सांगितले, तंबोरा लावून घेतला, आणि गात गात त्यांनी प्राण सोडला. बुवा ही गोष्ट सांगत तेव्हा ताई नेहमी विचारी, "तंबोऱ्यावर कोण होतं?" बुवा म्हणत, "असेल कोणी शिष्य." तिला ते पुरत नसे.

*

१९९४ ची गोष्ट राहिली आहे. ती मी आजवर लिहिलेली नाही.

मला महाविद्यालयात लागून चार वर्षे झाली होती, मूल लहान होते. धुळ्याला बुवांची बैठक ठरली आणि माझ्याकडे तपासायचे दोनशे पेपर पडले होते. त्या आधीही मी दोन-तीन बैठका चुकवल्या होत्या. ताई शिकवण्या करी, त्या ती पुढेमागे करी. मला ते जमत नव्हते, आणि खरे सांगायचे तर नकोसेही झाले होते. तीन तास मांडी न मोडता बसायचे, आणि कुणी विचारले तर 'मी मागे असते' असे सांगायचे. बंगलोरचे इलेक्ट्रॉनिक तंबोरे तोवर सगळीकडे मिळू लागले होते. एका बासरीवादक अभियंत्याने, जी. राजनारायण यांनी, ते १९७९ च्या सुमारास प्रथम तयार केले होते. मी पुण्याहून एक आणला. गुरुपौर्णिमेला पाकीट आणि नारळाबरोबर तो बुवांपुढे ठेवला आणि म्हटले, "बुवा, प्रवासाला बरा पडेल."

बुवांनी बटण दाबले, पट्टी काळी एकवर आणली, थोडा वेळ ऐकले. म्हणाले, "लागलेला राहतो की गं." त्यांचे वय तेव्हा सत्तरीकडे झुकले होते आणि दोन तंबोरे एसटीतून नेणे त्यांनाही जड जात होते. मी हे जाणून होते, आणि माझ्या सोयीला मी त्यांच्या सोयीचे नाव दिले.

धुळ्याला ताई एक तंबोरा घेऊन बसली आणि तिच्या शेजारी ती पेटीएवढी पेटी. त्यापुढच्या बैठकीला नुसतीच पेटी. ताईला कुणी नको म्हटले नाही. तिला कुणी बोलावलेही नाही. नाशिकच्या बैठकींना ती येई, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसे. तिचा उजवा हात मांडीवर असे आणि बोटे हलत नसत, हे मी बघत असे. माझी स्वतःची बोटे हलत. या विषयावर ती एकदाच बोलली, तेही सहज, दळण आणायला जाता जाता. म्हणाली, "चांगलं आहे ते. पेंगत नाही."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ते यंत्र बेसूर नव्हते. दोष असेल तर तो हा, की त्याच्या चार तारांचे चक्र अचूक तेवढ्याच अंतराने परत येई. आमच्या दोघींची चक्रे कधी जुळत नसत, कारण आम्ही दमत होतो, पेंगत होतो, एकीचा पाय बधिर होत होता. ईनोच्या दोन स्वरावली वेगवेगळ्या लांबीच्या होत्या, म्हणून त्या सहसा पुन्हा त्याच जागी भेटत नाहीत. फितीवरचा सूर प्रत्येक फेरीत थोडा झिजतो. यंत्रानेच काम करणाऱ्या त्या माणसाने झीज आणि न जुळणे मुद्दाम राखून ठेवले. आणि हाताने वाजवणाऱ्या आम्ही ते दोष समजून काढून टाकले.

*

फ्रिप आणि ईनो यांची जोडी मोडली असे कधी जाहीर झाले नाही. १९७५ नंतर दोघे आपापल्या वाटेने गेले. फ्रिपने तेच तंत्र एकट्याने वापरून त्याला आपल्या नावाची जोड दिली. ईनोच्या काही तबकड्यांवर फ्रिपची गिटार ऐकू येते, म्हणजे येणे-जाणे होते. पण दोघांच्या नावाची नवी तबकडी निघायला २००४ यावे लागले. 'दि इक्वेटोरियल स्टार्स'. मध्ये एकोणतीस वर्षे. २००७ मध्ये आणखी एक, दरम्यानच्या काळातल्या सुट्या तुकड्यांची. २००४ चे संगीत पहिल्या तबकडीइतके धाडसी नाही. फिती जाऊन संगणक आला होता, कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तरी मी तेच अधिक वेळा लावते. त्यात दोघांपैकी कुणालाच घाई नाही.

गेल्या वर्षी माघात मी ताईकडचा तंबोरा माझ्याकडे आणवला. विचारून नव्हे, मिरजेच्या तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाल्याची २०२४ मधली बातमी तिला दाखवली आणि म्हटले, दोन्हींच्या तारा बदलून घेऊ, घोड्या घासून घेऊ. मिरजेत हा व्यवसाय शिकलगारांचा. पूर्वी हत्यारांना धार लावणारे हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून तंबोरे-सतारी करू लागले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतले. तिकडच्या एका कारागिराने आठवडाभर ठेवून घेतले. माझ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला बारीक चीर होती. ताईचा अगदी शाबूत होता. गवसणी काढल्यावर दांडीवर धूळ नव्हती. मी काही विचारले नाही.

लावायला पाऊण तास लागला. ताईला आता उजव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून ती माझ्या उजवीकडे बसली. पूर्वी ती डावीकडे बसे. जवारीचे सूत मला काही केल्या जागी बसवता येईना, तेव्हा तिने हात पुढे करून ते सरकवले आणि दुसरा तंबोरा ओढून घेतला. मग आम्ही सुरू केले. मुलाला पाठवावे म्हणून मी भ्रमणध्वनी चालू करून ठेवला होता. पहिली काही मिनिटे दोघींच्या तारा सारख्या एकत्र पडत होत्या. "तू माझ्याकडे बघतेस," ताई डोळे न उघडता म्हणाली.

अर्ध्या तासाने घंटी वाजली. शेजारच्या बाई होत्या. कार्यक्रम आहे का, कोण गाणार आहे, येऊन बसले तर चालेल का, असे विचारत होत्या. मी दारात घुटमळले. आतून ताईचा आवाज आला, "या ना. कुणी गाणार नाहीये." बाई चप्पल काढून आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी परत जागेवर येईपर्यंत ताईने हात थांबवला नव्हता. माझ्या पंचमाची तार तेवढ्यात उतरली होती, ती मला पुन्हा चढवावी लागली.